लाख, तबकडी आणि ठेका : महायुद्धोत्तर अमेरिकी नृत्यगीते आणि आपला मुलूख

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर वस्ती करणारा एक बारीकसा कीटक आणि १९४०च्या दशकात न्यूयॉर्कच्या नाचघरांतून वाजणारे संगीत यांचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. संबंध मात्र आहे, आणि तो दुहेरी आहे. त्या काळचे सगळे गाणे-बजावणे ज्या तबकडीवर उमटत असे ती तबकडी लाखेची होती. आणि लाख जगाला पुरवणारा मुख्य देश भारत होता. दुसरा संबंध उलट दिशेचा. दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत अमेरिकेतील नाचाचे ठेके मुंबईच्या हिंदी चित्रपटात शिरले, आणि तेथून फिरत्या टुरिंग टॉकीजमधून, लग्नाच्या बँडमधून व रेडिओवरून विदर्भाच्या खेड्यापाड्यांत पोहोचले. या दुसऱ्या प्रवासाचे मुख्य वाहक दोन मराठी माणसे होती. एक सी. रामचंद्र, दुसरे भगवानदादा. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या गोव्याच्या वादकांची नावे मात्र बहुतेकांना ठाऊक नसतात.

जंगलातली लाख

लाख म्हणजे झाडाचा डिंक नव्हे. लाखेचा किडा कोवळ्या फांदीत सोंड खुपसून रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेसारख्या द्रव्याचे कवच तयार करतो. अशा हजारो किड्यांची कवचे एकमेकांना चिकटून फांदीवर जाड पापुद्रा धरतो, तो खरवडून काढायचा. ही काडी लाख. ती कुटून, धुऊन दाणा लाख होते आणि दाणा लाख वितळवून, ताणून पातळ पत्रे केले की चपडा तयार होतो. पळस आणि बोरीवर येणाऱ्या लाखेला रंगीनी म्हणतात, कुसुमाच्या झाडावरील लाखेला कुसमी. कुसमीचा रंग फिका आणि भाव अधिक. लाखेचे सर्वांत मोठे उत्पादन छोटा नागपूरच्या पठारावर होत असे, म्हणून संशोधन संस्थाही १९२४ साली रांचीजवळ नामकुमला स्थापन झाली. तथापि जुन्या मध्य प्रांताचा वाटाही लहान नव्हता. वैनगंगेच्या खोऱ्यातील जंगलांतून लाख गोळा होई. गोळा करणारे बहुतांशी गोंड, हलबा आदी समाजांतील लोक. भाव ठरवणारे मात्र व्यापारी, आणि त्या व्यापाऱ्यांचा भाव ठरे कलकत्त्यात व लंडनमध्ये.

मिनिटाला ७८ फेरे घेणारी काळी तबकडी या चपड्यापासून बने. तिच्यात दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि थोडे सुताचे तंतू असत. वजनाने भुकटीच अधिक. परंतु हे सारे धरून ठेवणारी आणि सुईच्या घर्षणाला तोंड देणारी वस्तू लाख हीच होती. जपानने १९४२च्या प्रारंभी ब्रह्मदेशापर्यंत मजल मारली आणि समुद्रमार्ग धोक्यात आले, तेव्हा अमेरिकेत लाखेचा तुटवडा पडला. दारूगोळ्याच्या आवरणासाठी आणि विजेच्या उपकरणांसाठी लष्करालाही लाख हवीच होती. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी वापरायच्या लाखेत ७० टक्के कपात केली. नवी तबकडी हवी असेल तर जुनी, फुटकी आणून द्या, असे दुकानदार गिऱ्हाइकांना सांगू लागले. जुन्या तबकड्या भरडून पुन्हा दाबून काढल्या जात.

युद्ध संपले, वाद्यवृंद मोडले

तुटवडा केवळ लाखेचा नव्हता. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांचे म्हणणे असे की, एकदा वाजवलेले संगीत रेडिओवर आणि उपाहारगृहांतल्या यंत्रांवर हजार वेळा वाजते आणि वादकाचे पोट मारले जाते. तेव्हा प्रत्येक तबकडीमागे संघटनेच्या निधीला काही रक्कम मिळाली पाहिजे. मोठ्या कंपन्यांनी १९४४च्या नोव्हेंबरात हार मानली. दरम्यान एक गोष्ट घडून गेली. गायक त्या संघटनेचे सभासद नव्हते. ते वाद्यांविना, मागे नुसते गायकांचे वृंद घेऊन गात राहिले आणि लोकांना त्यांची सवय झाली. युद्धापूर्वी तबकडीवर वाद्यवृंदाच्या नायकाचे नाव मोठे असे आणि गायकाचे लहान. युद्धानंतर ते उलटे झाले. फ्रँक सिनात्रा, पेरी कोमो ही नावे घराघरांत पोहोचली ती या काळात. वादकांच्या हितासाठी पुकारलेल्या संपाने वादकच मागे पडले, हा त्यातील खेदाचा भाग.

उरलेले काम करांनी आणि घरसंसाराने केले. ज्या ठिकाणी नाच व गाणे चालते तेथील बिलावर १९४४ पासून जबर कर बसला. आघाडीवरून परतलेले सैनिक लग्न करून शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत राहू लागले. रोज रात्री नाचघरात जाणे त्यांना परवडेना आणि जमेना. पंधरा-सतरा वादकांचा ताफा गावोगाव फिरवणे आतबट्ट्याचे झाले. डिसेंबर १९४६च्या सुमारास बेनी गुडमन, टॉमी डॉर्सी, हॅरी जेम्स, वुडी हर्मन यांच्यासह आठ नामांकित वाद्यवृंद जवळपास एकाच वेळी विसर्जित झाले. त्यांच्या जागी आले लहान ताफे, ठसकेबाज ताल, गमतीची हलकीफुलकी गाणी आणि लॅटिन अमेरिकेतून आलेले रुंबा, सांबा, काँगा हे नाच. कृष्णवर्णीयांच्या जोरकस नृत्यसंगीताला १९४९ साली 'बिलबोर्ड' या व्यापारी नियतकालिकाने 'ऱ्हिदम अँड ब्लूज' असे नाव दिले. पुढल्या रॉक अँड रोलचे हे उगमस्थान.

मुंबईतही मोठ्या वाद्यवृंदांचे दिवस याच सुमारास सरले, परंतु कारण निराळे होते. येथे ते सरकारी हुकमाने सरले.

ताजमहाल हॉटेलचे गोवेकर

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद १९३५ साली आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड पुढे कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात स्थिरावले. युद्धकाळात कलकत्ता अमेरिकी सैनिकांनी भरून गेले होते आणि त्यांच्यापुढे वाजवायला असा दुसरा माणूस नव्हता. एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपायला थोडे महिने उरले असताना, कलकत्त्यातच पटकीने त्यांचा मृत्यू झाला. या अमेरिकी वादकांजवळ बसून ज्यांनी जॅझ आत्मसात केले ते मुख्यतः गोव्याचे ख्रिस्ती वादक होते.

गोवेकरच का, याचे उत्तर पोर्तुगीज राजवटीतील चर्चच्या शाळांत सापडते. प्रार्थनेसाठी गाणारी आणि व्हायोलिन वाजवणारी मुले हवीत म्हणून गावोगावच्या या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. मुले स्वरलिपी वाचायला शिकत. पण त्या विद्येवर जगता येईल असे काम गोव्यात नव्हते. मग संस्थानिकांचे बँड, मूकपटांपुढचे वादन, आगबोटी आणि मुंबई-लाहोरची हॉटेले. पुढे चित्रपटसंगीताचे थोर संयोजक ठरलेले सेबॅस्टियन डिसूझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात वाजवत होते. बार्देशातील आल्दोना गावचे अँटोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवीत आणि त्यांना 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. ताजमहालमध्ये त्यांच्या ताफ्याचा दबदबा होता.

स्वातंत्र्यानंतर हॉटेलांचा युरोपीय गिऱ्हाईक ओसरला आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. दारूबंदी म्हणजे काय, हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे आणि चंद्रपूरने २०१५ ते २०२१ अशी सहा वर्षे अनुभवली. तिचे गुणदोष हा या लेखाचा विषय नाही. (१९५० साली चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता, नागपूर ही त्याची राजधानी, मुंबईचा कायदा इकडे लागू नव्हता.) मुंबईत मात्र तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला. हॉटेलांचे उत्पन्न आटले, वादकांना रोज रात्रीचे काम उरले नाही, आणि जे पूर्वी अधूनमधून चित्रपटासाठी वाजवीत ते आता पुरते चित्रपटाच्या आश्रयाला आले. हिंदी चित्रपटसंगीतात पन्नासच्या दशकात जो भरगच्च वाद्यमेळ ऐकू येतो त्याचे श्रेय अंशतः तरी या स्थलांतराला द्यावे लागेल.

स्टुडिओत कामाची वाटणी ठरलेली असे. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल सांगत असे. गोवेकर संयोजक ती स्वरलिपीत उतरवून घेई, कोणते वाद्य कोठे वाजेल, दोन कडव्यांच्या मध्ये काय येईल हे लिहून काढी आणि तीस-चाळीस वादकांपुढे कागद ठेवी. पडद्यावर त्याचे नाव आले तर 'साहाय्यक' म्हणून. पुष्कळदा तेही नाही. चाल ज्याची त्याचे गाणे, हा आपल्याकडचा समज जुना आहे. पण नृत्यगीताच्या बाबतीत तो फारच अपुरा पडतो, कारण तेथे लोकांच्या पायात जे शिरते ते चालीपेक्षा वाद्यमेळातून आलेले असते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांचे नाव १९७७ साली एका चित्रपटगीतामुळे देशभर दुमदुमले. ते खऱ्या माणसाचे नाव आहे हे गाणाऱ्या लाखो लोकांपैकी किती जणांना ठाऊक होते?

नागपूरचा विद्यार्थी

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा. संगीताचे पहिले पद्धतशीर शिक्षण मात्र नागपुरात, शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात झाले. डॉ. वसंतराव देशपांडे हेही सप्रे गुरुजींचेच शिष्य. पुढे पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांकडे तालीम, मग 'नागानंद' चित्रपटात नायकाची भूमिका, तो चित्रपट पडणे, मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ कामे, असा प्रवास करीत ते संगीत दिग्दर्शनाकडे वळले. हिंदीत पहिली संधी १९४२ साली 'सुखी जीवन'मध्ये मिळाली आणि ती देणारे होते भगवान आबाजी पालव, म्हणजेच भगवानदादा. भगवानदादांचा जन्म १९१३चा, अमरावतीचा. वडील मुंबईत गिरणी कामगार; मुलगा दादरला वाढला, कुस्ती खेळला आणि कमी पैशांत मारधाडीचे चित्रपट काढू लागला.

फिल्मिस्तानच्या 'शहनाई'ने १९४७ साली सी. रामचंद्र यांना घराघरांत नेले. त्यातील 'संडे के संडे' या गाण्यात आल्टो सॅक्सोफोन, गिटार, माउथ ऑर्गन आणि शीळ यांची जोड होती. गायला स्वतः चितळकर आणि मीना कपूर. गाणे ऐकून नाके मुरडणारे पुष्कळ होते. शास्त्रीय संगीताची तालीम घेतलेल्या माणसाने हे करावे, याचे अनेकांना दुःख झाले. आज ते ऐकताना जाणवते ते असे की, ठेका परदेशी असला तरी शब्द टाकण्याची पद्धत तमाशातल्या सवाल-जबाबाची आहे. गोरा साहेब आणि देशी बाई यांची ती थट्टामस्करी आहे, आणि सत्तांतराच्या वर्षी प्रेक्षकांना ती भलतीच मानवली. १९४९च्या 'पतंगा'तील रंगूनच्या टेलिफोनचे गाणेही असेच. ब्रह्मदेशातली आघाडी संपून तेव्हा चारच वर्षे झाली होती. रंगूनहून पायी परतलेल्यांच्या आठवणी ताज्या होत्या, आणि येथे रंगून हे नाव घेऊन लोक हसत होते.

एका चालीचा प्रवास

१९५०च्या 'समाधी'तील 'गोरे गोरे' या गाण्याची कथा थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. गाणे राजेंद्र कृष्ण यांचे, आवाज लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांचे, पडद्यावर नलिनी जयवंत आणि कुलदीप कौर. मुखड्याची चाल 'डॉल फेस' या १९४५ साली तयार झालेल्या हॉलिवूडपटातील 'चिको चिको' या गाण्यावरून घेतलेली आहे, हे आता सर्वमान्य आहे. ते गाणे कार्मेन मिरांडा यांनी गायले होते आणि त्याचे संगीतकार जिमी मॅकह्यू.

येथे उसनवारीचा आरोप करून थांबता येते, बरेच जण थांबतातही. पण मूळ गाण्याकडे जरा पाहावे. गाण्यात वर्णन प्वेर्तो रिको बेटावरील तरुणाचे. ते लिहिले आणि बांधले अमेरिकी व्यावसायिकांनी. गाणारी स्त्री ब्राझीलची, आणि जन्माने तर पोर्तुगालची. दक्षिण अमेरिकेतील देशांनी जर्मनीकडे झुकू नये म्हणून अमेरिकी सरकारने जे शेजारधर्माचे धोरण आखले होते, त्याच्या हवेत हॉलिवूडने असे लॅटिन रंगाचे चित्रपट धडाक्याने काढले. म्हणजे ज्याला आपण 'मूळ' म्हणतो तेच चार देशांच्या जोडकामाचे. मुंबईत ते ज्यांच्या हाती आले ते गोवेकर वादकही पोर्तुगीज सत्तेखालच्या गावांत संगीत शिकलेले. सांबाचा ठेका त्यांना परका वाटला नसावा, असे म्हणायला हरकत नाही.

आणखी एक योगायोग आहे, आणि तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच 'डॉल फेस'मध्ये पेरी कोमो यांचे 'हबा हबा हबा' हे गाणे आहे. ते खूप खपले. ठेका नाचरा, शब्द खेळकर. आणि विषय काय, तर टोकियोवरील अमेरिकी बॉम्बफेक. मार्च १९४५च्या एका रात्रीत त्या शहरातील बहुधा लाखभर माणसे जळून मेली. त्यानंतर वर्षाच्या आत त्या आगीवर अमेरिकेतील तरुण जोडपी नाचत होती. 'समाधी' हा चित्रपट आझाद हिंद सेनेवरचा, नेताजींच्या सैनिकांचा गौरव करणारा. ती सेना जपानच्या बाजूने लढली होती. टोकियोच्या होळीवर नाचणाऱ्या चित्रपटातील एक चाल उचलून ती टोकियोच्या मित्रांवरील चित्रपटात बसवली गेली, आणि दोन्हीकडच्या प्रेक्षकांना त्यात काही वावगे दिसले नाही. हे जाणूनबुजून घडले असे मुळीच नाही. चालीला पासपोर्ट लागत नाही आणि स्मरणशक्तीही नसते.

सी. रामचंद्र यांना उसन्या चालींचा संगीतकार ठरवणे अन्यायाचे होईल, हे सांगायला 'अनारकली' (१९५३) पुरेसा आहे. आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंपुढे गायले गेलेले कवी प्रदीप यांचे गीत तर सर्वांनाच ठाऊक आहे. १९७७ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आत्मचरित्र 'माझ्या जीवनाची सरगम' जिज्ञासूंनी जरूर वाचावे. ५ जानेवारी १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

'अलबेला'

भगवानदादांचा 'अलबेला' १९५१ साली आला आणि तुफान चालला. मारधाडीचे चित्रपट काढणाऱ्या जाडसर, ठेंगण्या नायकाने गीता बालीसारख्या अभिनेत्रीबरोबर नाचावे आणि लोकांनी ते डोक्यावर घ्यावे, यात कथेचा वाटा थोडा आणि संगीताचा फार. 'शोला जो भडके' या गाण्यात बोंगोच्या जोडीला ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन आहेत. दुसऱ्या एका नृत्यगीतात चिक चॉकलेट आणि त्यांचा ताफा प्रत्यक्ष पडद्यावर दिसतो. गोवेकर वादकांना चेहरा मिळाल्याचे असे प्रसंग थोडे, म्हणून या दृश्याला दस्तऐवजाचे मोल आहे. त्याच चित्रपटातील अंगाई ऐकली की हाच संगीतकार किती हळुवार होऊ शकतो तेही कळते.

भगवानदादांच्या नाचाबद्दल एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. अमेरिकी चित्रपटातील नर्तक पायांनी नाचतो. उड्या, गिरक्या, टाचांचे ठोके. भगवानदादांचे पाय जवळपास जागेवर राहतात, खांदे आणि हात संथ झुलतात, चेहरा मिश्कील. ज्याला नाच शिकायला मिळालेला नाही अशा कोणालाही ते करून पाहता येते. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत आजही मध्यमवयीन पुरुष जे नाचतात ते पुष्कळसे या वळणाचे असते. अमेरिकेत जोडीने नाचण्यासाठी तयार झालेला ठेका येथे येऊन पुरुषांच्या घोळक्याचा झाला. जोडीने नाचण्याची मुभा समाजाने दिलेली नव्हती, ती पडद्यापुरतीच राहिली.

पुढचे 'झमेला' आणि 'लाबेला' चालले नाहीत. भगवानदादांची मालमत्ता गेली, छोट्या भूमिका करीत ते जगले आणि ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या चाळीतील घरात वारले. चिक चॉकलेट त्याआधीच, १९६७ साली गेले होते. २०१६ साली आलेल्या 'एक अलबेला' या मराठी चित्रपटाने नव्या पिढीला भगवानदादांची ओळख करून दिली.

केसकर, कोलंबो आणि गावचा रेडिओ

पुण्याचे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे केंद्रात नभोवाणी मंत्री होते. चित्रपटसंगीताचे पाश्चात्त्यीकरण त्यांना अजिबात मान्य नव्हते. निर्मात्यांशी झालेल्या वादातून आकाशवाणीवरील चित्रपटगीते जवळपास बंद पडली आणि शास्त्रीय संगीताला मोठी जागा मिळाली. शास्त्रीय कलावंतांना त्यातून जो आधार मिळाला तो नाकारता येणार नाही. परंतु श्रोते उठून कोलंबोला गेले. युद्धकाळात दक्षिण-पूर्व आशियातील दोस्त सैनिकांच्या करमणुकीसाठी कोलंबोत उभारलेली नभोवाणी युद्धानंतर सिलोन सरकारकडे आली होती. त्या लघुलहरींवरून १९५२च्या अखेरीस 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. ज्या यंत्रणेवरून सैनिकांना नाचगाणी ऐकवली जात तिच्यावरूनच त्या नाचगाण्यांची हिंदी भावंडे विदर्भातल्या गावांत ऐकू येऊ लागली. ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली तेव्हा मंत्री केसकरच होते.

झाडीपट्टीच्या बाकड्यावरून

चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया आणि भंडारा हा झाडीचा मुलूख. दंडार आणि खडी गंमत या येथील जुन्या लोकनाट्याच्या पायावर झाडीपट्टी रंगभूमी उभी राहिली. दिवाळी उलटली, धान घरात आले की मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर नाटके होतात. होळीपर्यंत हंगाम चालतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे या नाटकमंडळ्यांचे केंद्र. गोंदिया-चांदा फोर्ट मार्गावरील हे स्थानक कित्येक दशके जिल्ह्यातील एकमेव रेल्वेस्थानक होते, हे येथे ध्यानात घ्यावे. गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा उर्वरित महाराष्ट्राला या रंगभूमीची थोडी दखल घ्यावी लागली.

झाडीपट्टीच्या नाटकात संगीत जिवंत वाजते. नाट्यपदे, लावणी आणि मध्येच गर्दी खेचणारे चित्रपटगीतावरचे नृत्य, असा त्याचा मेळ असतो. शुद्धतेचे कैवारी या नृत्यांवर टीका करतात आणि ती टीका कधी कधी रास्तही असते. परंतु ऑर्गन-तबल्याच्या जोडीला ऑक्टोपॅड घेऊन बसलेला वादक जेव्हा नर्तकीच्या पायाकडे पाहून ठेका फिरवतो, तेव्हा तो चिक चॉकलेटच्याच व्यवसायाचा माणूस असतो. पेट्रिलो यांनी १९४२ साली जो प्रश्न मांडला होता तो आता त्याच्यापुढे आहे. मुद्रित संगीत लावून काम भागते, मग पाच वादकांना रात्रीचे मानधन कशाला द्यायचे, असे विचारणारे आयोजक वाढले की त्याचे बाकडे रिकामे होईल. अमेरिकेतील वादकांकडे निदान संघटना होती.

गोंड-माडियांच्या रेला नृत्याची गोष्ट अगदी निराळी. ते सगळ्या गावाचे, हातात हात गुंफून फेर धरण्याचे नृत्य. त्यात प्रेक्षक वेगळा नसतो आणि मानधनाचा प्रश्नही नसतो. त्याला या लेखात ओढून आणण्याचे कारण नाही. मात्र रेला नाचणाऱ्यांपैकीच कित्येकांच्या आजोबांनी जी लाख खरवडली ती कदाचित सिनात्रांच्या तबकडीत गेली असेल.

लाखेचे पुढे काय झाले? कोलंबिया कंपनीने जून १९४८ मध्ये प्लॅस्टिकच्या जातीच्या व्हिनाइलची दीर्घवादी तबकडी आणली, १९४९ साली ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आली, आणि दहाएक वर्षांत पश्चिमेकडील तबकडीच्या धंद्यातून लाख बाद झाली. भारतात हाताने किल्ली द्यायचे ग्रामोफोन पुष्कळ असल्यामुळे ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत निघत राहिल्या. बीटल्सची गाणीही येथे लाखेच्या तबकडीवर निघाली आणि जगभरचे संग्राहक आज ती शोधत असतात. पॉलिश, औषधी गोळ्यांचे आवरण, बांगड्या यांसाठी लाख अजून लागते. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत लाखेचा स्पष्ट उल्लेख केला आणि त्यावर गोळा करणाऱ्यांचा मालकी हक्क मान्य केला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तो प्रामुख्याने बांबूसाठी गाजला. वनोपजाला किमान आधारभूत किंमत देण्याची केंद्राची योजना २०१३-१४ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्याच यादीत लाख होती.

घरात जुन्या तबकड्या असतील तर

जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, पेटाऱ्यांत अजूनही ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघतात. जड, ठिसूळ आणि प्रत्येक बाजूला साधारण तीन मिनिटांचे एकच गाणे असलेली तबकडी लाखेची समजावी. व्हिनाइलची हलकी असते आणि किंचित वाकते. लाखेच्या तबकड्या उभ्या ठेवाव्यात, एकमेकींवर रचू नयेत. उन्हात तर मुळीच ठेवू नयेत, त्या वाकतात. दीर्घवादी तबकडीची सुई त्यांना चालत नाही, कारण त्यांच्या खाचा रुंद असतात. जुन्या यंत्रावर वाजवायच्या झाल्यास पोलादी सुई प्रत्येक बाजूगणिक बदलावी. धूळ मऊ कोरड्या कापडाने किंवा शुद्ध पाण्याने किंचित ओलसर केलेल्या कापडाने पुसावी. स्पिरिट किंवा कोणताही मद्यार्क लावू नये. लाख त्यात विरघळते आणि गाणे कायमचे पुसले जाते.